माझ्या वजनाचा गूळ

मुंग्या कुठं जातात ते मला बघायचं होतं, म्हणून मी चुलीमागं पोटावर आडवी झाले होते.

रांग उंबऱ्यावरून आत आली होती. भिंतीच्या कडेकडेनं, जात्याला वळसा घालून ती शेणींच्या ढिगात शिरत होती. शेणी काही मुंग्या खात नाहीत. मी एकेक शेणी उचलून बाजूला ठेवली. खाली डेरा निघाला. त्याच्या तोंडाला फडकं, फडक्यावर परात आणि परातीवर वरवंटा. सगळं उतरवून आत हात घातला तर बोटं चिकटली. गूळ होता. खडा-दोन खडे नव्हे, डेऱ्याच्या गळ्यापर्यंत भेल्या. वरच्या पिवळ्या, खालच्या तांबूस, आणि अगदी तळाच्या जवळजवळ काळ्या.

"दगडे!"

आईनं माझं मनगट धरलं. बोटं तोंडात जायच्या आत तिनं ती पदरानं पुसून काढली, एकेक.

माझं नाव दगडाबाई. माझ्या आधीची तीन भावंडं गेली. त्यांची नावं चांगली ठेवली होती. मग माझं दगडी ठेवलं, कारण दगडाला कोण नेतंय?

"कुणाचा गं आय, गूळ?"

"तुझा."

"माझा हाय तर खाऊ दे की."

"खायाचा न्हवं त्यो."

"मग कशाचा?"

"लई इचारू नगंस. आन तुझ्या बा ला बोललीस तर बघ." तिनं शेणी पुन्हा होत्या तशा रचल्या. मुंग्यांच्या रांगेवर राख टाकली.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. मी नऊ वर्षांची होत आले होते. कृष्णेकाठच्या आमच्या वांजुळवाडीत शंभरेक घरं होती आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची तीस. त्या पौषात आमच्या तीस घरांनी धम्म घेतला होता. बा त्यात पुढं होता. घराघरांतले देव पाटीत गोळा करून त्यानं डोहात सोडले, तेव्हा मी त्याच्याबरोबर होते.

"बा, देव पवतील का?"

"तरंगलं तर परत आणू," बा म्हणाला.

धातूचे टाक बुडाले. आमचा देव्हारा लाकडी होता, तो मात्र बराच लांबपर्यंत तरंगत गेला. बा नं तो आणला नाही.

मग चैत्रात तालुक्याहून चिठ्ठी आली की वैशाख पौर्णिमेला सर्वांनी बुद्धजयंती साजरी करावी. साजरी करावी म्हणजे नेमकं काय करावं, ते लिहायचं राहिलं होतं.

तक्क्यात माणसं जमली. तक्क्या म्हणजे आमच्या वस्तीची एकत्र बसायची जागा, तीन भिंतींची आणि पत्र्याची. पुरुष आत, बायका ओट्याखाली, आणि आम्ही पोरं जिथं जागा सापडेल तिथं.

"जयंती म्हंजी पाळणा," तानाक्का म्हणाली. ती वस्तीची सुईण, त्यामुळं जन्माच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असे. "पाळणा बांधा, सुंठवडा वाटा. ह्यात इचारायचं काय?"

बा नं चिठ्ठी पुन्हा वाचली. "त्याच पुनवंला ज्ञान झालं असं लिव्हलंय. आन गेलं ते बी त्याच पुनवंला."

"त्याच दिवशी गेलं?" तानाक्काचा हात हनुवटीवर गेला. "मग आता गोड करायचं का सुतक धरायचं?"

"तिन्ही एका दिवशी कसं व्हईल?" मी मध्येच विचारलं.

"ऐंशी वर्सांच्या आत झालं, येडे. एका दिवसात न्हवं," बा म्हणाला. देव सोडणं सोपं होतं, पाटी भरली आणि सोडले. आता हातात पौर्णिमा आली होती आणि तिचं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

"मी बघितलीय ती पुनव," कोपऱ्यातून आवाज आला.

हवालदार आबा. सावळा हवालदार. लढाईत ब्रह्मदेशात होते, डावा पाय ताठ घेऊन परतले होते. लढाईबद्दल ते कधी बोलत नसत, म्हणून आम्हां पोरांना वाटे की त्यांनी तिकडं काही पाहिलंच नसावं.

"तिकडं सगळा मुलूख करतोय," ते म्हणाले. "बायका डोक्यावर घागरी घेऊन येत्यात आन पिंपळाच्या बुडाला पाणी घालत्यात."

"आगं बया!" तानाक्का उसळली. "वडाला दोरा गुंडाळू नका म्हणून आत्ता चार म्हयन्यामागं सांगितलं, आन आता पिंपळाला पाणी घाला व्हय? निस्तं झाड बदललं!"

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बा खाली बघू लागला. आबा मात्र शांतपणे म्हणाले, "नवऱ्यासाठी न्हाई घालत, तानाक्का. त्यो त्या झाडाखाली बसला हुता. उन्हाळ्यात झाड वाळू नये म्हणून घालत्यात."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हरकत न्हाई. आमच्या म्हाताऱ्यासाठी मी घागर उचलायची न्हाई. झाडासाठी उचलते."

आबांनी मग एका पॅगोड्याच्या भिंतीवरचं चित्र सांगितलं. झाडाखाली एक माणूस बसलेला, सहा वर्षं अन्नपाणी सोडल्यासारखा, बरगड्या मोजून घ्याव्यात इतका वाळलेला. समोर एक बाई वाकून उभी. तिच्या हातात खिरीची वाटी. ती खीर त्यानं खाल्ली, अंगात बळ आलं, आणि त्या रात्री बसल्या जागी त्याला जे समजायचं ते समजलं. म्हणून त्या दिवशी खीर.

खीर म्हटल्यावर तक्क्यात जीव आला. दूध-तांदूळ कुणाकडं नव्हते, म्हणून गव्हाची खीर ठरली. घरटी दोन मुठी खपली गहू. मोठा हंडा बा कुठूनतरी मागून आणणार.

"आन गूळ?" तानाक्का म्हणाली. "गुऱ्हाळं बंद झाली. वैशाखात घरात खडा शोधाय गेलं तर मुंगीला बी मिळायचा न्हाई."

मुंगी म्हटल्याबरोबर मी आईकडं पाहिलं. आई आधीपासून माझ्याकडंच बघत होती. मी ओठ घट्ट मिटले आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "आबा, पण त्या बाईनं खीर का केलीवती?"

"केली आसंल. तुला काय करायचंय?" आबा म्हणाले. कधी नव्हे ते चटकन म्हणाले.

दोन दिवसांनी नदीवर लुगडी धुताना आई हळूच म्हणाली, "पुनवंला दिस कलला की तू आन मी जरा जाऊन येऊ."

"कुठं?"

"मरीआईला."

मरीआईचं देऊळ शिवेवर होतं, तक्क्याच्या पलीकडं.

"पर बा नं देव बुडवलं की."

"तुझ्या बा नं घरातलं बुडवलं. मरीआई घरातली न्हवती." तिनं लुगडं दगडावर आपटलं. मग आपटता आपटताच सांगितलं, माझ्याकडं न बघता. "तू झालीस तवा निळी पडलीवतीस. रडंना. तानाक्का तुला उलटी धरून थापट्या मारत हुती. मी शिवंकडं तोंड केलं आन बोलले, आये, एवढी एक ऱ्हाऊ दे. हिला नववं सरायच्या आत हिच्या भारंभार गूळ वाहीन."

"म्हणून शिमग्यात मला गुऱ्हाळावरच्या काट्यात बसवलीवतीस?"

"व्हय."

"किती भरले?"

"बावीस शेर. मागल्या साली अठरा हुतीस. सारखी वाढतीस." हे तिनं गाऱ्हाण्यासारखं म्हटलं. दर हंगामात गुऱ्हाळावर राबताना मिळेल ती भेली, मिळेल तो खडा ती घरी आणून डेऱ्यात टाकत होती. मी वाढले की डेरा मागं पडायचा.

"आन न्हाई वाहिला तर?"

आईनं लुगड्याला पीळ घातला. पाणी निथळून गेलं तरी ती पिळतच राहिली. "चैतात तीन दिस तापानं फणफणलीवतीस. इसरलीस?"

मी विसरले नव्हते. त्या तीन दिवसांत बा तालुक्याला सभेला गेला होता. आई एकटी उशाशी होती.

त्या दिवसापासून मला दोन प्रश्न पडले. पहिला, मी खरंच मरणार का. दुसरा, त्या बाईनं खीर का केली. पहिला कुणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून मी दुसरा घेऊन आबांकडं गेले.

आबा पडक्या विहिरीच्या कडेला बसून, भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप मुळांसकट सोडवत होते. तक्क्यासमोर लावायला. वस्तीत पिंपळ नव्हता. गावात होता, पण त्याच्या पारावर आम्हाला कुठं जाता येत होतं?

"आबा, त्या बाईनं खीर का केलीवती?"

"त्याला भूक लागलीवती म्हणून."

"तिला काय म्हाईत त्यो भुका हाय? तुमीच सांगितलं, ती खीर घेऊन आली आन बघती तर झाडाखाली त्यो. म्हंजी खीर आधी केली. मग केली कुणासाठी?"

आबांचा हात थांबला. "तू लढाईत असतीस तर गोऱ्या सायबानं तुला टेहळणीला ठेवली असती."

"सांगा की."

"सांगंन. पर तुझ्या बा ला आवडायचं न्हाई."

"बा ला तर गूळ बी आवडायचा न्हाई," मी बोलून गेले.

"कुठला गूळ?"

"न्हाई... खायाचा न्हवं असा बी गूळ असतोय, एवढंच."

"किती हाय?"

"माझ्याएवढा."

म्हटलं आणि जीभ चावली. आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, बाजारात बघतात तसं, अंदाज घेत. मग रोप माझ्या ओंजळीत दिलं. "सांभाळून धर. मूळ तुटंल," ते म्हणाले.

पौर्णिमेला सकाळी पिंपळ लावला. तीस घरांतून तीस घागरी आल्या. एवढ्याशा रोपाला एवढं पाणी झालं की ते आडवं पडलं, आणि तानाक्काला त्याला काठीचा टेकू द्यावा लागला. दुपारपासून तक्क्यासमोर हंडा चढला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, तिच्याशेजारी कॅलेंडरातून कापलेलं बुद्धाचं चित्र खळीनं चिकटवलं. माणसांनी असतील तेवढे पांढरे कपडे घातले. गूळ चार घरांतून चार खडे जमला. तानाक्कानं पळीनं चव घेतली आणि म्हणाली, "पाण्यात गहू पवत्यात. ह्याला खीर म्हणायची तर आमच्या शेळीला हत्ती म्हणा."

आई घरी होती. डोकं दुखतंय म्हणाली होती. ऊन उतरलं तसं तिनं मला न्हाऊ घातलं, वेणी घातली. गूळ पाटीत काढून त्यावर धडुतं झाकलं. दोघींनी मिळून पाटी कशीबशी तिच्या डोक्यावर चढवली. माझा हात धरून ती निघाली.

मरीआईला जायला दुसरी वाट नव्हती. तक्क्यासमोरूनच जावं लागे. आईनं ठरवलं होतं, सगळे आत वंदना म्हणत असतील तेव्हा भिंतीआडून निघून जायचं. पण वंदना कुणाला नीट येत नव्हती, त्यामुळं ती लवकर संपली होती. सगळी वस्ती बाहेर हंड्याभोवती बसली होती. मी मान खाली घातली.

"दगडे!" आबांचा आवाज आला. "तुझा सवाल ऱ्हायलाय."

मी थांबले. आईनं हात ओढला. मी तरी थांबले.

"सगळ्यांनी ऐका," आबा म्हणाले. ते कष्टानं उठून उभे राहिले होते. "ह्या पोरीनं इचारलं, त्या बाईनं खीर कुणासाठी केली. मी सांगितलं न्हवतं. त्या बाईला मूल व्हत न्हवतं. तिनं एका झाडाला नवस केला. पोर झालं तर खीर वाहीन. पोर झालं. ती नवस फेडायला निघालीवती."

बा ताडकन उभा राहिला. "हवालदार! परतिज्ञा घेतलेली माणसं बसल्यात हितं. नवसाचं नाव नगं."

"नवस करा म्हणतोय व्हय मी? झालं ते सांगतोय. ह्या धम्मात खरं बोलायचं म्हणत्यात न्हवं?"

"पर पोरासोरांम्होरं..."

"मग?" माझ्या डोक्यावरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. आई कधी चार पुरुषांत बोलली नव्हती. डोक्यावर पाटी, कपाळावर घाम, आणि नजर फक्त आबांवर. "मग काय झालं, भावजी?"

"मग झाडाखाली त्यो बसलेला दिसला. निस्ता हाडांचा सापळा. तिला वाटलं, झाडातला देवच बाहेर येऊन बसलाय. तिनं वाटी त्याच्या म्होरं ठेवली."

"आन त्यानं?"

"खाल्ली."

"देवाची खीर?"

"भूक लागलीवती त्याला, गजरा," आबा आईला म्हणाले. "एकोणपन्नास घास करून खाल्ली."

"आन झाडातला देव?"

"त्यो काय आला न्हाई."

हंड्याखालचं लाकूड तडतडलं. आई पाय रोवून उभी होती. बावीस शेर डोक्यावर घेऊन इतका वेळ कुणी उभं राहत नाही.

"आन तिचं पोर?" तिनं विचारलं.

आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"पोर व्हय? पोर तिच्या कडंवर हुतं. चितरात. हसत हुतं."

"बरं हुतं?"

"चांगलं गुटगुटीत हुतं."

आई म्हणाली, "पाटी उतरू लागा कुणीतरी."

बा पुढं आला. पाटीला हात लावला आणि तिच्या ओझ्यानं दचकला. उतरवताना धडुतं घसरलं. पिवळ्या, तांबड्या, काळ्या भेल्या बघून बायकांत एकदम कुजबूज उठली आणि थांबली. बा खाली बसून एकेका भेलीकडं बघत होता. तो हुशार माणूस होता. त्याला कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

"किती वर्सं?" त्यानं विचारलं.

"पाच गुऱ्हाळं."

"मला का न्हाई बोललीस?"

"तुमी बुडवला असता."

बा नं एक भेली उचलली आणि पुन्हा पाटीत ठेवली.

"आता बी बुडवायचाच हाय की!" तानाक्का पळी हलवत ओरडली. "हंड्यात बुडवा! गहू कवाधरनं वाट बघायलेत!"

आधी एक म्हातारी हसली, मग सगळेच. बा मात्र हसला नाही. त्यानं दगड घेतला, भेल्या धडुत्यावर घेतल्या आणि फोडायला लागला. वरच्या पटकन फुटल्या. तळातल्या काळ्या भेल्या मी चार वर्षांची असतानाच्या होत्या, त्या दगडाला दाद देईनात. मी ते बघत होते आणि एकदम मला आठवलं.

"आय, मला पुन्ना तोलायचं ऱ्हायलं की!"

"नगं," आई म्हणाली. "तू आता वाढ, किती वाढायची ती."

खीर झाली तेव्हा चंद्र डोंगरावर आला होता. तानाक्कानं पहिली वाटी भरून बा च्या हातात दिली. तो ती चित्रासमोर ठेवायला वळला. आईनं ती त्याच्या हातातून घेतली.

"आधी हिला."

"आगं, पहिली वाटी..."

"त्यानं बी आधी खाल्लीवती. निवद म्हणून ठेवली न्हवती."

बा नं आबांकडं पाहिलं. आबा मिशीत हसत होते. वाटी माझ्या हातात आली. आई समोर उकिडवी बसली, गुडघ्यांना मिठी घालून. "खा," ती म्हणाली. मी पहिला घास गिळेपर्यंत तिनं श्वास घेतला नाही, हे मला इतक्या जवळून दिसलं. जुन्या गुळाला किंचित कडसर चव असते. ती अजून माझ्या जिभेवर आहे.

आबा मोठ्यानं घास मोजत होते. अकरा झाले आणि वाटी संपली.

"एकोणपन्नास कुठं गं?"

"वाटी ल्हान हाय, आबा."

तो पिंपळ आता तक्क्याच्या पत्र्याहून कितीतरी उंच आहे. तक्क्याच्या जागी विहार झालं. पुढं लग्न होऊन मी पुण्याला आले, मुलांच्या नोकऱ्यांपायी आणखी लांबलांब गेले, आणि जाईन तिथल्या विहारात डोकावत राहिले. ती बाई मला पुष्कळ भिंतींवर भेटली. तिचं नाव सुजाता, हे मला फार उशिरा कळलं, आबांनाही ते ठाऊक नव्हतं. कुठं ती गुडघ्यावर बसलेली असते, कुठं उभी, कुठं सोन्याचं पात्र हातात, कुठं साधी वाटी. मी प्रत्येक चित्रात आधी तिची कड बघते. पोर अजून कुठल्याच चित्रात दिसलेलं नाही.

आबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी त्यांना एकदा विचारलं होतं, "आबा, त्या चितरात पोर खरंच हुतं?"

"तू लई इचारतीस," आबा म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

त्या पौर्णिमेनंतर माझं नववं सरायला अठरा दिवस होते. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मला कपाळावर आईचा तळहात लागायचा. गार आणि खरखरीत. थोडा वेळ राहायचा आणि उचलला जायचा. नववं सरलं त्या दिवशीही तो आला, दुसऱ्या दिवशीही आणि त्यानंतरही काही दिवस.

मग एका सकाळी मी जागी झाले आणि डोळे मिटून वाट बघत पडले. हात आला नाही. बाहेर अंगणात आई तानाक्काशी शेणींवरून मोठमोठ्यानं भांडत होती.